लेप्टोचा सीझन कसा ओळखायचा: पाऊस, तारखा आणि आकडे वाचायची पद्धत

लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदीर आणि गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा ताप. त्याबद्दल सगळ्यात कामाची गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला वेळ नाही मिळाला तरी चालेल. ज्या दिवशी तुंबलेल्या पाण्यात किंवा चिखलात पाय गेले त्या दिवसाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि तिथून पुढे ३० दिवस मोजा. त्या ३० दिवसांत ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं की अमुक तारखेला मी पाण्यात होतो. मी लॅबमध्ये काम करतो, पावसाळ्यात रक्ताच्या नमुन्यासोबत जे फॉर्म येतात त्यात "ताप कधीपासून" आणि "साचलेल्या पाण्याशी संपर्क" हे दोन रकाने बऱ्याचदा कोरे असतात, आणि या आजाराचं निदान त्या दोन रकान्यांवरच उभं असतं, मशीनवर नाही.

आता हा आजार पावसाळ्यातच का उसळतो ते समजून घेऊ, कारण ते कळलं की कुठल्या महिन्यात काय करायचं हे पाठ करावं लागत नाही, आपोआप सुचतं.

लेप्टोस्पायरा हे स्प्रिंगसारखे वळलेले बारीक जंतू. उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात ते महिनोन् महिने राहतात, उंदराला स्वतःला फारसं काही होत नाही आणि तो लघवीतून ते सगळीकडे सांडत फिरतो. गाई-म्हशी, डुकरं, कुत्री यांच्या लघवीतूनही ते येतात, त्यामुळे "आमच्याकडे उंदीर नाहीत" एवढ्यावर गोठावाल्यांनी तरी निश्चिंत राहू नये. बाहेर पडल्यावर या जंतूंचा जीव ओलाव्यावर अवलंबून. कोरड्या फरशीवर, उन्हात, क्लोरीनच्या पाण्यात ते लवकर मरतात, पण ओल्या मातीत, डबक्यात, भातखाचरात आठवडेच्या आठवडे तग धरतात. प्रयोगशाळेत हे वाढवायचे तर तापमान २८ ते ३० डिग्री ठेवतात, म्हणजे आपल्या किनारपट्टीवरच्या जुलै-ऑगस्टच्या हवेच्या अगदी आसपास. वरून पाणी, खाली चिखल, हवा उबदार, बिळात पाणी शिरल्यामुळे उंदीर बाहेर आलेले, आणि माणसांच्या पायाला चिखल्या झालेल्या. हे सगळं एकाच वेळी जुळून येतं म्हणून सीझन.

चिखल्यांचं मुद्दाम सांगतोय. जंतू आत शिरतो तो जखमेतून, भेगेतून, बोटांच्या बेचक्यातल्या सोललेल्या कातडीतून, नाहीतर डोळ्यातून, नाकातोंडातून. लोक म्हणतात मला कुठे जखम आहे? पण आठ दिवस लावणीत उभं राहिल्यावर बोटांमध्ये बघा, किंवा टाचेच्या भेगा बघा, किंवा जळू चावलेली जागा बघा. तेवढं पुरतं.

आता मोजायला शिकू. पाण्यात पाय गेला तो दिवस शून्य. ताप साधारण ५ ते १४ दिवसांत येतो, पण २ दिवसांतही येऊ शकतो आणि ३० दिवसांनीही, म्हणून महिनाभर लक्ष ठेवायचं. मग माणूस दोनतीन दिवस घरीच पॅरासिटामॉल घेतो, मग गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, तिथे दोन दिवस, मग टेस्ट, मग रिपोर्ट, मग तो आकडा पालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या यादीत, आणि मग पेपरात. म्हणजे "लेप्टोच्या रुग्णांत वाढ" ही बातमी जेव्हा तुम्ही वाचता तेव्हा ती तीन-चार आठवड्यांपूर्वीच्या पावसाची बातमी असते. उलट बाजूनेही हेच, मागच्या आठवड्यात तुमच्या भागात पाणी भरलं आणि आज पेपरात आकडे कमी दिसतायत तर त्याचा अर्थ धोका कमी आहे असा अजिबात नाही, आकडे अजून वाटेत आहेत एवढाच अर्थ आहे.

२००५ चं उदाहरण घ्या. २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला आणि ऑगस्टमध्ये मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली, आधीच्या वर्षांच्या कित्येक पट रुग्ण. २०१५ लाही साधारण तसंच, १९ जूनला जोरदार पाऊस आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाडकडे लेप्टोने मृत्यू. दोन्ही वेळा पाऊस आणि आजार यांच्यातलं अंतर तेच, दोन-तीन आठवडे. अजून एक गोष्ट त्या २६ जुलैची, सांताक्रूझला ९४४ होतं तेव्हा कुलाब्याला फक्त ७३ मिमी होतं. म्हणजे "मुंबईत किती पाऊस झाला" हा प्रश्न आपल्या कामाचा नाही, माझ्या गल्लीत पाणी किती वेळ साचलं हा कामाचा. गावाकडे असाल तर कृषी विभागाच्या महारेनवर तालुक्याचा पाऊस बघता येतो, पण खरं सांगायचं तर पाणी किती तास तुंबून राहिलं हे तुमच्या डोळ्यांना त्या आकड्यापेक्षा जास्त कळतं.

शहर आणि शेत यांचा पॅटर्न सारखा नसतो हेही लक्षात ठेवा. शहरात माणूस कधीतरी पाण्यात जातो, पाणी तुंबलं त्या दिवशी, म्हणून प्रत्येक मोठ्या पाण्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी एक टोक येतं, मग खाली, पुन्हा पाणी, पुन्हा टोक. भातशेतीत माणूस रोजच पाण्यात, त्यामुळे तिथे टोक नसतं, जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत पसरलेला उंचवटा असतो. म्हणूनच शेतकऱ्याला "अमुक तारीख" सांगता येत नाही, त्याने फॉर्मवर सरळ लिहायचं की लावणी चालू आहे, रोज चिखलात असतो.

महिन्यांचं गणित असं आहे, आणि हे मी पश्चिम किनाऱ्याचं म्हणजे मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याचं सांगतोय.

एप्रिल-मे मध्ये आजार जवळजवळ दिसत नाही आणि नेमकं हेच उंदरांवर काम करायचे महिने. बिळं कोरडी असतात, दिसतात, उंदीर एका जागी असतात, नाले उघडे असतात. जुलैत घरात उंदीर दिसायला लागल्यावर पिंजरा आणायला धावणं म्हणजे दोन महिने उशीर. शेताच्या बांधावर करायचं असेल तर जुनी आणि खात्रीची पद्धत अशी, पहिल्या दिवशी दिसतील तेवढी सगळी बिळं मातीने बुजवायची, दुसऱ्या दिवशी फेरी मारायची, जी पुन्हा उकरलेली दिसतील तीच जिवंत, बाकीच्यांवर आमिष फुकट घालवायचं नाही. मग जिवंत बिळांपाशी दोन-तीन दिवस नुसतं बिनविषारी आमिष, भरड धान्याला थोडं तेल लावून, म्हणजे उंदरांची भीती मोडते, आणि त्यानंतर विषारी आमिष. झिंक फॉस्फाईड वापरणार असाल तर कृषी सहाय्यकाला विचारल्याशिवाय हात लावू नका, ते माणसालाही मारतं, कुत्र्यालाही, आणि कोंबडीलाही. आणि हे एकट्याने करून उपयोग शून्य, तुमच्या बांधावरचे मेले की शेजाऱ्याचे आठवड्यात येऊन राहतात. वाडीने मिळून एकाच आठवड्यात करायचं. मेलेले उंदीर हातमोजे घालून उचलायचे आणि खोल पुरायचे, ओढ्यात टाकायचे नाहीत. हे शेवटचं मी हात जोडून सांगतोय कारण ओढ्यात टाकणं अजूनही चालतं.

शहरात सोसायटीने मे महिन्यात तीन गोष्टी कराव्यात, कचऱ्याची जागा झाकलेली, ड्रेनेजच्या तुटलेल्या झाकणांची दुरुस्ती, आणि तळमजल्याच्या भिंतींतली भोकं सिमेंटने बंद. मुंबईत महापालिकेच्या कीटकनाशक विभागाकडे मूषक नियंत्रणाची तक्रार वॉर्ड ऑफिसला देता येते, रात्री उंदीर मारणारी माणसंही पालिकेकडे आहेत, पण कचरा उघडा राहिला तर त्यांनी मारलेल्यांची जागा नवे घेतात. उंदरीण गाभण राहिल्यापासून तीन आठवड्यांत विते आणि एका वेताला सहा-आठ पिल्लं सहज, त्यामुळे मारण्याच्या वेगाने ही शर्यत जिंकता येत नाही, खाणं तोडलं तरच.

जून. पहिला पाऊस. वर्षभराची घाण या पहिल्या पाण्यात एकदम वाहून येते म्हणून पहिल्या तुंबलेल्या पाण्याला हलकं घेऊ नका. गमबूट आताच घ्या, आणि बूट घेताना नडगीच्या वरपर्यंत येणारे घ्या कारण आखूड बुटात पाणी वरून शिरलं की तेच पाणी दिवसभर पायाला लागून राहतं आणि मग बूट नसलेला बरा.

जुलै म्हणजे कोकणात चिखलणी आणि लावणी. इथे मी कोणाला "चिखलात जाऊ नका" असं सांगणार नाही, ते सांगणारा माणूस भात खात नसावा. बूट घालून लावणी होत नाही, पाय रुतून बसतात, हे जो लावणीत उभा राहिलाय त्याला माहीत असतं. म्हणून जे होऊ शकतं तेच सांगतो. सकाळी शेतात उतरायच्या आधी पायाला भेगा-जखमा आहेत का बघायचं, असतील तर वॉटरप्रूफ पट्टी, आणि चिखल्या असतील तर औषध लावून त्या बऱ्या करायच्या, नुसतं सहन करायचं नाही. पट्टी नसेल तर निदान बोटांमध्ये खोबरेल किंवा व्हॅसलीन थापून जातात लोक, त्याने कातडी सोलवटायची कमी होते, पण उघड्या जखमेला ते संरक्षण नाही. दुपारी जेवायला बसायच्या आधी हात साबणाने, खाचरातल्या पाण्याने नाही. संध्याकाळी घरी आल्या आल्या पाय साबणाने धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, आणि पाय धुताना जी जळजळ होते ती जागा नीट बघायची, तीच वाट असते आत जायची. लावणीत दिवसभर ओणव्या राहिलेल्या बायका संध्याकाळी घरी येऊन आधी चूल बघतात आणि स्वतःचे पाय शेवटी. घरातल्या बाकीच्यांनी हे बघायला हवं.

ऑगस्ट हा मुंबई-ठाण्यासाठी साधारण सगळ्यात जड महिना, जुलैच्या पावसाचा हिशोब या महिन्यात येतो. सप्टेंबरमध्ये पाऊस ओसरतो आणि लोकांची काळजीही ओसरते, पण गावाकडे गवत कापणं, नंतर ऑक्टोबरमध्ये भातकापणी, खाचरात अजून ओल, बांधावर उंदीर दाणे खाऊन माजलेले, त्यामुळे कोकणात ऑक्टोबरअखेरपर्यंत तापाकडे पावसाळ्याच्याच नजरेने बघा. याच दिवसांत गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफसही असतो, त्यात अंगावर कुठेतरी सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग असतो, काखेत, जांघेत, कमरेला, तो शोधा आणि डॉक्टरला दाखवा.

नोव्हेंबरपासून जमीन वाळते आणि आजार खाली जातो. पण शून्य होत नाही. गटारात उतरणारे कामगार, तबेल्यातले, मासळी बाजारातले, कत्तलखान्यातले यांना बारा महिने ओल असते. आणि कोकण-गोव्यात जिथे वायंगण करतात, म्हणजे पाण्यावरचं उन्हाळी भात, तिथे जानेवारीतही खाचर भरलेलं असतं. तिथल्या माणसाला फेब्रुवारीत ताप आणि डोळे लाल झाले तर "आता कुठे लेप्टो" असं म्हणून सोडू नये.

तुमचे नातेवाईक दुसरीकडे असतील तर सीझन तिथल्या पावसाप्रमाणे सरकतो हे त्यांना सांगा. केरळात आणि दक्षिण गुजरातेत सुरत, नवसारी, वलसाडकडे आपल्यासारखाच नैऋत्य मोसमी पाऊस, त्यामुळे महिनेही साधारण तेच, केरळात २०१८ च्या ऑगस्टच्या महापुरानंतर लेप्टोची मोठी साथ आली होती. चेन्नईला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे आपण सुटकेचा श्वास टाकतो तेव्हा त्यांचं सुरू होतं. अंदमानात तर भाताच्या हंगामात ऑक्टोबर-नोव्हेंबरला एक जीवघेणा ताप यायचा, फुफ्फुसात रक्तस्राव व्हायचा, आणि त्याला "अंदमान रक्तस्रावी ताप" असंच म्हणायचे, पुढे तपासण्या झाल्यावर कळलं की तो लेप्टोच आहे. वर्षानुवर्षं ठराविक महिन्यात येणारा, शेतात काम करणाऱ्यांना होणारा निनावी ताप हा लेप्टो असू शकतो, हे अंदमानवरून शिकण्यासारखं आहे.

आता आकडे कसे वाचायचे. "आपल्याकडे लेप्टो किती आहे" असा प्रश्न विचारला की तीन वेगवेगळे आकडे तोंडावर फेकले जातात आणि लोक ते एकमेकांत मिसळतात.

पहिला, नोंद झालेले रुग्ण. हा आकडा आजार किती आहे यापेक्षा तपासण्या किती झाल्या ते जास्त सांगतो. ज्या तालुक्यात टेस्टची सोय आहे तिथे रुग्ण दिसतात, जिथे नाही तिथे तोच माणूस "व्हायरल", "कावीळ" किंवा "डेंग्यूसारखा ताप" या नावाने बरा होतो किंवा दगावतो. म्हणून शेजारच्या तालुक्यात ४० आणि आपल्याकडे २ असं दिसलं की आनंद मानायच्या आधी किती जणांची टेस्ट केली हा प्रश्न प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. दुसरा आकडा, संशयित आणि निश्चित यातला फरक. बातमीत बऱ्याचदा संशयितही मोजलेले असतात. आणि तिसरा, सर्व्हेतला, "इतक्या टक्के शेतकऱ्यांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या". हे वाचून लोक घाबरतात. अँटीबॉडी सापडणं म्हणजे आज आजारी असणं नाही, कधीतरी जंतूशी गाठ पडली होती एवढंच, आणि बहुतेक लोकांना तो संसर्ग साध्या तापासारखा येऊन गेलेला असतो. पण त्याच आकड्याचा दुसरा अर्थ गंभीर आहे, त्या गावातली माती आणि पाणी वर्षानुवर्षं दूषित आहे आणि साथीची बातमी नसतानाही संसर्ग चालूच आहे.

जगाचा अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झाला होता, वर्षाला साधारण १० लाख ३० हजार रुग्ण आणि ५८,९०० मृत्यू, त्यातले बहुतेक आपल्यासारख्या उष्ण, ओल्या, गरीब भागांत. आपल्याकडे केंद्र सरकारचा लेप्टोसाठी वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि त्यात सुरुवातीपासून महाराष्ट्राचं नाव आहे, गुजरात, केरळ, तामिळनाडू, कर्नाटक आणि अंदमानसोबत. हे मी एवढ्यासाठी सांगतोय की आरोग्य केंद्रात कोणी "हा आपल्याकडचा आजार नाही" म्हणालं तर तुम्हाला उत्तर देता यावं.

ताप आलाच तर काय बघायचं. एकदम चढलेला ताप, थंडी, डोकं फुटेल असं दुखणं, आणि पोटऱ्या. पोटऱ्या आणि कंबर इतक्या दुखतात की हात लावू देत नाही माणूस, चालताना भिंत धरतो. डोळे लाल होतात पण चिपडं येत नाहीत, डोळे आल्यासारखे वाटतात आणि पाणी-घाण काही नाही, ही खूण फार मोलाची आहे. यातलं काही दिसलं आणि कॅलेंडरवर तारीख लिहिलेली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि डोळे-कातडी पिवळी, लघवी कमी झालेली किंवा गडद, दम लागणं, थुंकीत रक्त, झोपाळल्यासारखं बोलणं, यातलं एक जरी असेल तर क्लिनिक नाही, थेट मोठं हॉस्पिटल, रात्र असली तरी. किडनी आणि फुफ्फुसं या आजारात बघता बघता बसतात. घरी ब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका, ताप आणि अंगदुखीला पॅरासिटामॉलच, कारण किडनीवर आधीच ताण असतो आणि डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वेगळा.

टेस्टचं तारखेशी नातं समजून घ्या, इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. रॅपिड कार्ड किंवा आयजीएम एलायझा या टेस्ट अँटीबॉडी शोधतात आणि अँटीबॉडी बनायला तापाचे पाच-सात दिवस जावे लागतात. तिसऱ्या दिवशी केलेली टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे लेप्टो नाही असं होत नाही, ती लवकर केली एवढाच अर्थ. पहिल्या आठवड्यात रक्ताची पीसीआर, म्हणजे थेट जंतूचाच अंश शोधणारी टेस्ट, जास्त उपयोगी, सोय असेल तर. मॅट नावाची जी सगळ्यात पक्की टेस्ट मानतात त्यात जिवंत जंतू लागतात, ती मोजक्याच ठिकाणी होते आणि दोन नमुने लागतात, त्यामुळे ती साथ सिद्ध करायला, आजच्या पेशंटला वाचवायला नाही. उलट आयजीएम कधीकधी कित्येक महिने पॉझिटिव्ह राहतं, म्हणजे गेल्या सीझनचं असू शकतं. म्हणून तारीख, लक्षणं आणि टेस्ट तिन्ही एकत्र बघायचं. साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या टेस्टमध्येही इशारा असतो, प्लेटलेट डेंग्यूतही पडतात आणि लेप्टोतही, पण डेंग्यूत पांढऱ्या पेशी बहुतेक कमी होतात आणि लेप्टोत बऱ्याचदा वाढतात, त्यासोबत क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) वाढलेलं असेल तर डॉक्टरला लेप्टोबद्दल विचारायला अजिबात संकोच करू नका. चांगला डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतो, साध्या केसमध्ये डॉक्सीसायक्लिन, गंभीर असेल तर शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. लवकर सुरू केलं तर हा आजार साध्या, स्वस्त औषधांनी बरा होतो. त्यामुळे उशिरा आलेला पेशंट बघितला की जास्त वाईट वाटतं.

पाण्यातून आल्यावर आधीच गोळी घ्यायची का? मुंबई महापालिका दरवर्षी जे सांगते ते असं, पाण्यातून गेल्यावर २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरला विचारून डॉक्सीसायक्लिन. एकदाच पाण्यात गेलात आणि जखम नव्हती तर २०० मिग्रॅ एकदाच. जखम होती तर २०० मिग्रॅ रोज एकदा, तीन दिवस. वारंवार पाण्यात जावं लागतं किंवा सफाई, मदतकार्य करता तर आठवड्यातून एकदा २०० मिग्रॅ, सहा आठवडे. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालचं मूल यांना ही गोळी नाही, त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळं औषध देतात. गोळी जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत, आणि घेतल्यावर लगेच आडवं पडायचं नाही, अन्ननलिकेत अडकली तर आतून भाजते. दूध, अ‍ॅसिडिटीचं औषध, लोहाची गोळी यांच्यासोबत घेतली तर नीट शोषली जात नाही.

या गोळीवर किती भरवसा ठेवायचा हेही माहीत असू दे. १९८४ साली पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या अमेरिकन सैनिकांवर आठवड्याला २०० मिग्रॅचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ९५ टक्के संरक्षण दिसलं. पण ते काही आठवड्यांपुरते तिथे गेलेले बाहेरचे तरुण. अंदमानात, जिथे लोक तिथेच राहतात आणि रोज चिखलात असतात, तिथे हाच प्रयोग केला तेव्हा संसर्ग फारसा कमी झाला नाही, आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण मात्र साधारण निम्म्यावर आलं. आपलं कोकण अंदमानसारखं आहे, पनामासारखं नाही. म्हणून माझं मत असं की एकदाच पुरात सापडलेल्या माणसासाठी ही गोळी चांगलीच, पण भातशेतीवाल्याने अख्खा पावसाळा स्वतःच्या मनाने खात राहू नये, साथ असेल तेव्हा आरोग्य खातं सांगेल त्या आठवड्यांपुरती घ्यावी आणि बाकी भर पायांवर द्यावा. आणि गोळी घेतली म्हणून ३० दिवसांची मोजणी थांबवायची नाही.

घरात पाणी शिरलं असेल तर सफाई करताना उंदराच्या लेंड्या-लघवी असलेली जागा कोरडी झाडू नका, आधी ब्लीचिंगचं पाणी शिंपडा, थोडा वेळ थांबा, मग पुसा, हातात रबरी मोजे, पायात बूट. विहिरीत पुराचं पाणी गेलं असेल तर ग्रामपंचायतीकडून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून घ्या आणि प्यायचं पाणी उकळा. कोल्ड्रिंकच्या टिनवर उंदराची लघवी असते आणि माणूस मेला असे मेसेज दर पावसाळ्यात फिरतात, टिन धुवून घ्या, काही बिघडत नाही, पण हा जंतू कोरड्यावर टिकत नाही, तुमची खरी काळजी घोट्याएवढ्या पाण्यात असायला हवी.

माणसांसाठी लस आपल्याकडे मिळत नाही, क्युबा, चीन, फ्रान्स अशा मोजक्या देशांत आहे. कुत्र्यांसाठी मात्र आहे, वर्षाच्या इंजेक्शनमध्ये लेप्टो धरलेला असतो का ते डॉक्टरांना विचारा आणि ते पावसाच्या आधी, मे महिन्यात द्या. गोठ्यात गाई-म्हशी लागोपाठ गाभडायला लागल्या, म्हणजे त्यांचे गर्भ पडायला लागले, तर पशुवैद्यकाला लेप्टोबद्दल विचारा आणि गाभडलेलं वासरू, वार उघड्या हाताने उचलू नका. गोठ्याचं मूत बाहेर ज्या चरातून जातं तो चर पोरं खेळतात त्या अंगणातून किंवा विहिरीच्या कडेने जात असेल तर तो मे महिन्यातच वळवून घ्या, पाऊस पडल्यावर तो कोणी खणत नाही. आणि वाडीत एकाच आठवड्यात दोन-तीन घरांत तसला ताप दिसला तर आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या सिस्टरना लगेच सांगा, कोणाला कधीपासून ताप आणि कोण कुठल्या शेतात होतं ते तारखेसकट.